किती मते, यापेक्षा मते कुठे: अमेरिकेतील तिसऱ्या उमेदवाराचे गणित

जुलै २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ या नव्या पक्षाची घोषणा केली आणि अमेरिकेतील द्विपक्षीय मक्तेदारी आता मोडणार का, ही जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली. मस्क यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला आहे आणि अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार जन्माने नागरिक असलेली व्यक्तीच राष्ट्राध्यक्ष होऊ शकते, त्यामुळे ते स्वतः या पदाच्या शर्यतीत कधीच उतरू शकत नाहीत, हा भाग वेगळा. पण त्यांच्या घोषणेला जो आधार होता, तो पोकळ नव्हता. गॅलप या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांनी सांगितले होते की दोन्ही मोठे पक्ष इतके कमी पडतात, की देशाला तिसऱ्या मोठ्या पक्षाची गरज आहे.

आता याच्याशेजारी नोव्हेंबर २०२४ चा निकाल ठेवून पाहावा. डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ४९.८ टक्के आणि कमला हॅरिस यांना सुमारे ४८.३ टक्के मते मिळाली. उरलेल्या सगळ्या उमेदवारांच्या वाट्याला मिळून दोन टक्केही आले नाहीत. शंभरांपैकी त्रेसष्ट जण तिसरा पक्ष हवा म्हणतात आणि वर्षभराने शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव जण जुन्याच दोन पक्षांच्या नावापुढे खूण करतात, हे कसे? मतदार बोलतात एक आणि करतात दुसरेच, असे म्हणून हा विषय अनेकदा झटकला जातो. मतदारांवर हा अन्याय आहे. या विसंगतीचे कारण निवडणुकीच्या नियमांत आहे, आणि ते नियम एकदा नीट समजले की मतदारांचे वागणे अगदी समंजसपणाचे वाटू लागते.

या लेखात ‘तिसरा उमेदवार’ म्हणजे डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन पक्षांबाहेरचा कोणीही, मग तो लहान पक्षाचा असो वा अपक्ष. प्रत्यक्षात असे उमेदवार दर वेळी अनेक असतात.

एक निवडणूक नव्हे, एक्कावन्न निवडणुका

अमेरिकी मतदार राष्ट्राध्यक्षाची थेट निवड करत नाही. तो आपल्या राज्यातील ‘निर्वाचक’ निवडतो आणि हे निर्वाचक नंतर राष्ट्राध्यक्ष निवडतात. या सर्व निर्वाचकांना मिळून निर्वाचक मंडळ म्हणतात. प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहातील (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील) त्याच्या जागा अधिक सिनेटमधील (वरिष्ठ सभागृहातील) दोन जागा इतके निर्वाचक मिळतात. म्हणून सध्या कॅलिफोर्नियाचे ५४ आणि वायोमिंगचे ३ आहेत. राजधानी वॉशिंग्टनचे ३ धरून एकूण संख्या ५३८ होते आणि जिंकण्यासाठी निम्म्याहून अधिक, म्हणजे २७० लागतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी मेख पुढे आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता उरलेल्या ४८ राज्यांत आणि राजधानीत ज्या उमेदवाराला सर्वाधिक मते मिळतात, त्याला तिथले सगळेच्या सगळे निर्वाचक मिळतात. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अटही नाही. तिघांत चुरस झाली आणि एकाला ३५ टक्के मिळाले, तरी बाकीच्या ६५ टक्क्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ही देशभरची एकच मोजणी नसून एकाच दिवशी होणाऱ्या एक्कावन्न स्वतंत्र निवडणुका आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकीत दुसऱ्या क्रमांकाची किंमत शून्य आहे.

पाऊस किती पडला आणि कुठे पडला

जिल्हाभर हलक्या सरी पडल्या तर सरासरी पर्जन्यमानाचा आकडा चांगला दिसतो, पण धरणाची पातळी इंचभरही वाढत नाही. तेवढेच पाणी एका धरणाच्या पाणलोट क्षेत्रात कोसळले, तर दरवाजे उघडावे लागतात. तिसऱ्या उमेदवाराच्या मतांचे असेच आहे, आणि याचे इतके चोख उदाहरण इतिहासाने दिले आहे की ते कोणी मुद्दाम रचले असावे असे वाटते.

१९४८ मध्ये हॅरी ट्रुमन यांच्याविरुद्ध त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातून दोन बंडे झाली. ट्रुमन कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची बाजू घेतात म्हणून संतापलेल्या दक्षिणेकडील नेत्यांनी साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांना उभे केले. दुसरीकडे, ट्रुमन यांचे सोव्हिएत संघाविषयीचे धोरण फार ताठर आहे म्हणून माजी उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस डाव्या बाजूने रिंगणात उतरले. दोघांनाही देशभरात जवळजवळ सारखीच मते पडली: प्रत्येकी सुमारे २.४ टक्के. थर्मंड यांची मते दक्षिणेत एकवटलेली होती, त्यामुळे त्यांनी अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना ही चार राज्ये जिंकली आणि त्यांना ३९ निर्वाचक मते मिळाली. वॉलेस यांना एकही मिळाले नाही. (थर्मंड यांच्या यशात स्थानिक पक्षयंत्रणेचा हातही मोठा होता. अलाबामात तर मतपत्रिकेवर विद्यमान राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे नावच नव्हते.)

वॉलेस यांची मते मात्र अगदीच निष्प्रभ ठरली नाहीत. न्यूयॉर्कमध्ये त्यांना पाच लाखांहून अधिक मते पडली आणि तिथे ट्रुमन सुमारे ६१ हजारांनी हरले. स्वतः काहीच न जिंकता दुसऱ्याचे राज्य घालवता येते, हा या हिशेबाचा दुसरा भाग. त्याकडे पुढे येऊच.

सर्वांत बोलका आकडा १९९२ चा आहे. टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो यांना तेव्हा १८.९ टक्के, म्हणजे जवळजवळ १ कोटी ९७ लाख मते मिळाली. पाचांतील एक मतदार म्हणता येईल इतका हा पाठिंबा होता. मेन राज्यात ३० टक्के मतांसह ते दुसरे आले आणि विद्यमान राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश तिसऱ्या क्रमांकावर गेले. तरीही पेरो यांची निर्वाचक मते शून्य राहिली, कारण त्यांचा पाठिंबा देशभर सारखा पसरलेला होता आणि कुठल्याही एका राज्यात पहिला क्रमांक मिळेल इतका तो दाट नव्हता. १९६८ मध्ये अलाबामाचे जॉर्ज वॉलेस यांना १३.५ टक्क्यांवर पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक मते मिळाली होती. पेरोंपेक्षा कमी मते, पण ती दक्षिणेत एकवटलेली. वांशिक विभक्ततेच्या समर्थनावर उभा राहिलेला हा पाठिंबा जिथे होता तिथे भरपूर होता आणि इतरत्र पुरेसा नव्हता.

मस्क यांना हे गणित कळत होते, असे दिसते. सिनेटच्या दोन-तीन आणि प्रतिनिधीगृहाच्या आठ-दहा जागांवरच सारी शक्ती लावावी, अशी कल्पना त्यांनी मांडली होती. विखुरलेल्या नाराजीला एका ठिकाणी आणण्याचा तो विचार होता, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर होता.

जूनमधील पाठिंबा नोव्हेंबरपर्यंत का घटतो

जून १९९२ मधील गॅलपच्या एका चाचणीत पेरो ३९ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर होते. बुश ३१ आणि बिल क्लिंटन २५ टक्क्यांवर होते. जुलैत पेरो यांनी अचानक माघार घेतली आणि १ ऑक्टोबरला ते पुन्हा परतले. त्या धरसोडीने त्यांचे नुकसान झाले हे उघड आहे. पण घसरण फक्त त्यांचीच झालेली नाही. अपक्ष जॉन अँडरसन १९८० च्या उन्हाळ्यात २० टक्क्यांच्या पुढे होते. प्रत्यक्षात त्यांना ६.६ टक्के मते पडली. जॉर्ज वॉलेस सप्टेंबर १९६८ मध्ये २१ टक्क्यांच्या घरात होते, शेवटी १३.५ वर थांबले. सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन २०१६ च्या उन्हाळ्यात ९ टक्क्यांच्या आसपास होते. हाती आले ३.३ टक्के. उमेदवार वेगळे, काळ वेगळा, विचारसरणी वेगळी, पण उतार तोच.

याचे एक कारण चाचणीच्या प्रश्नातच असते. जूनमध्ये ‘तुम्ही कोणाला मत द्याल’ या प्रश्नाला दिलेले उत्तर फुकट असते; त्यातून कोणी निवडून येत नाही की पडत नाही. त्यामुळे नाराज मतदार तिसऱ्याचे नाव सांगून आपली नाराजी नोंदवतो. निवडणूक जवळ येते तसा त्याच्यापुढचा प्रश्न बदलतो: उरलेल्या दोघांपैकी कोण जिंकलेले आपल्याला सर्वांत जास्त खुपेल? मग आवडत्या तिसऱ्याला मत देऊन नावडत्या पहिल्याला वाट मोकळी करून देण्यापेक्षा, सहन होणाऱ्या दुसऱ्याला मत देणे त्याला शहाणपणाचे वाटते.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी गेल्या शतकाच्या मध्यास हाच विचार नियमाच्या रूपात मांडला. जिथे एकच जागा असते आणि सर्वाधिक मते मिळवणारा एका फेरीत जिंकतो, तिथे राजकारण दोन पक्षांकडे झुकत जाते. एक तर लहान पक्षाला त्याच्या मतांच्या प्रमाणात जागा मिळत नाहीत, आणि दुसरे म्हणजे हे ओळखून मतदार आधीच त्याच्यापासून दूर जातात. दुसरे कारण पहिल्यापेक्षा अधिक परिणामकारक आहे, असे मला वाटते. नियमाचा फटका एकदा बसतो; त्या फटक्याची अपेक्षा मात्र प्रत्येक निवडणुकीत आधीपासून काम करत राहते.

रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांची २०२४ ची अपक्ष उमेदवारी हेच दाखवते. २०२३ च्या अखेरीस काही चाचण्यांत ते २० टक्क्यांच्या आसपास होते, कारण बायडेन आणि ट्रम्प हे दोघेही नकोत असे म्हणणारा वर्ग मोठा होता. जुलै २०२४ मध्ये बायडेन बाजूला झाले, हॅरिस आल्या आणि तो वर्ग झपाट्याने विरघळला. २३ ऑगस्टला केनेडी यांनी प्रचार थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला. त्यांचा बराचसा पाठिंबा त्यांच्यासाठी नव्हताच. तो इतर दोघांच्या विरोधात होता.

मतपत्रिकेपर्यंतची वाट

नियमाची अडचण कमी म्हणून की काय, तिसऱ्या उमेदवाराला मैदानात उतरण्याआधीच दमछाक सोसावी लागते. राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर कोणाचे नाव छापायचे हे केंद्रीय आयोग ठरवत नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. टेनेसीत अपक्षाला २७५ मतदारांच्या सह्या पुरतात, तर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन लाखांहून अधिक आणि टेक्सासमध्ये एक लाखाहून अधिक सह्या लागत होत्या. मुदती वेगळ्या, अर्ज वेगळे, आणि सह्यांवर आक्षेप घेणारे मोठ्या पक्षांचे वकील प्रत्येक राज्यात हजर. मोठ्या दोन पक्षांना यातले बहुतेक काही करावे लागत नाही. नाव चढवणे जितके कठीण, तितकेच कधीकधी उतरवणेही: केनेडी यांनी माघार घेतल्यावर मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये आपले नाव काढावे म्हणून न्यायालयात धाव घेतली, पण ते तसेच राहिले आणि एकट्या मिशिगनमध्ये त्यांना २६ हजारांहून अधिक मते पडली.

दूरचित्रवाणीवरील वादविवादांचे दारही अरुंद आहे. २०२० पर्यंत ते भरवणारा आयोग १९८७ मध्ये दोन्ही पक्षांच्या पुढाकाराने स्थापन झाला आणि २००० पासून त्याने राष्ट्रीय चाचण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंब्याची अट घातली. १९९२ मध्ये तिन्ही वादविवादांत भाग घेतल्यानंतर पेरो यांचा पाठिंबा वाढला होता. १९९६ मध्ये त्यांना बोलावलेच नाही आणि त्यांची मते ८.४ टक्क्यांवर आली. त्यानंतर आजवर एकही तिसरा उमेदवार मोठ्या पक्षांच्या उमेदवारांबरोबर त्या मंचावर उभा राहिलेला नाही. पाठिंबा असल्याशिवाय मंच नाही आणि मंच असल्याशिवाय पाठिंबा नाही.

पैशाबाबत एक लहानशी खिडकी आहे. एखाद्या पक्षाला ५ टक्के मते मिळाली तर पुढच्या निवडणुकीत त्याला सरकारी निधीचा वाटा मिळतो. पेरो यांनी काढलेल्या रिफॉर्म पक्षाला २००० मध्ये असे सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. त्या पैशावर उभे राहिलेले पॅट ब्यूकॅनन यांना अर्धा टक्काही मते मिळाली नाहीत आणि पक्षाचा दबदबा तिथेच संपला. पैसा हे मूळ दुखणे नाही, हे यावरून दिसते.

‘पण भारतातही सर्वाधिक मते मिळवणाराच जिंकतो’

हा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात येणारच. आपल्याकडेही एका मतदारसंघात एकच जागा असते आणि एका फेरीत निकाल लागतो. तरी लोकसभेत डझनांनी पक्ष बसतात. द्युव्हर्जे इथे खोटे ठरतात का?

पूर्णपणे नाही. आपले बहुतेक लहान पक्ष विशिष्ट प्रदेशांत दाट आहेत, त्यामुळे देशपातळीवर दोन-तीन टक्के मते असूनही त्यांना आपल्या भागात भरघोस जागा मिळतात. थर्मंड यांचेच गणित, फक्त कायमचे झालेले. त्याहून मोठा फरक असा की लोकसभेच्या जागा निवडणुकीनंतर एकत्र करून सरकार बनवता येते. १९९६ मध्ये जनता दलाच्या लोकसभेत ४६ जागा होत्या आणि तरी एच. डी. देवेगौडा पंतप्रधान झाले. अमेरिकेत कार्यकारी सत्ता एका व्यक्तीच्या हाती असते आणि ती व्यक्ती एकाच निवडणुकीत ठरते. राष्ट्राध्यक्षपदाचा पाव हिस्सा कोणाला देता येत नाही. आघाडीसाठी निवडणुकीनंतरची वेळच उपलब्ध नसल्याने ती आधी करावी लागते, आणि आधी केलेल्या अशा दोन अवाढव्य आघाड्यांनाच तिथे पक्ष म्हणतात. आपल्याकडे जे नेते वेगवेगळ्या पक्षांत असते, ते तिथे एकाच पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत एकमेकांशी भांडतात.

‘नेडर यांनीच गोर यांना पाडले’

मते खाल्ल्याचा आरोप महाराष्ट्राला नवा नाही. अमेरिकेत या आरोपाचे प्रतीक म्हणजे २००० सालचा फ्लोरिडा. रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश (१९९२ च्या बुश यांचे पुत्र) यांनी डेमोक्रॅट अल गोर यांना तिथे ५३७ मतांनी हरवले आणि त्या राज्याच्या २५ निर्वाचक मतांवर राष्ट्राध्यक्षपद मिळवले. डाव्या, पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मते पडली होती.

नेडर यांच्या बाजूने दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. फरक इतका सूक्ष्म होता की फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवरील झाडून सगळ्या लहान उमेदवारांना ५३७ पेक्षा जास्त मते होती. सोशलिस्ट वर्कर्स पक्षाच्या उमेदवारालाही ५६२ मते पडली होती, पण त्याला कोणी जबाबदार धरत नाही. पाम बीच परगण्यातील गोंधळाच्या मतपत्रिकेमुळे तर गोर यांची हजारो मते चुकून ब्यूकॅनन यांना गेली, असे मानले जाते. दुसरे उत्तर असे, की नेडर नसते तर त्यांचे सगळे मतदार गोर यांच्याकडे गेले असते हे गृहीतच चूक आहे.

हे दुसरे उत्तर दोन राज्यशास्त्रज्ञांनी, मायकेल हेरन आणि जेफ्री लुईस यांनी, प्रत्यक्ष मतपत्रिकांच्या नोंदींवरून तपासले. त्याच मतपत्रिकेवर इतर पदांसाठी नेडर यांच्या मतदारांनी कोणाला निवडले, हे त्यांनी पाहिले. निष्कर्ष असा निघाला, की सुमारे ६० टक्के जण गोर यांच्याकडे झुकलेले होते आणि सुमारे ४० टक्के बुश यांच्याकडे. सर्वसाधारण समजुतीपेक्षा हे प्रमाण बरेच समसमान आहे. तरीही ९७ हजारांतील ही २० टक्क्यांची तफावत म्हणजे १९ हजारांहून अधिक मते होतात, आणि निकाल तर ५३७ वर लागला होता. म्हणून फ्लोरिडापुरता हा आरोप टिकतो, असेच म्हणावे लागते. नेडर यांच्या चाहत्यांना ते कितीही नावडो.

पण हाच साचा इतर निवडणुकांवर बसवायला गेले की तो बसत नाही. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियात ट्रम्प ४४,२९२ मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ४९,९४१ मते होती. निकाल उलटण्यासाठी त्यांच्या दहांपैकी जवळजवळ नऊ मतदारांनी घरी न बसता हिलरी क्लिंटन यांना मत द्यायला हवे होते, आणि एकाही मताने ट्रम्प यांच्याकडे जायला नको होते. शिवाय त्याच राज्यात गॅरी जॉन्सन यांना स्टाइन यांच्या जवळजवळ तिप्पट मते होती, आणि त्यांचे अनेक मतदार उजवीकडचे होते, हे हिशेबातून सोयीस्कर गळते. २०२४ मध्ये मिशिगनमधील अरबबहुल डिअरबॉर्न शहरात गाझा युद्धावरून नाराज मतदारांनी स्टाइन यांना सुमारे १८ टक्के मते दिली आणि त्यावर बरेच लिहिले गेले. पण ट्रम्प त्या राज्यात सुमारे ८० हजारांनी पुढे होते. स्टाइन यांची राज्यभरातील सगळी मते हॅरिस यांना दिली तरी ते अंतर भरत नाही.

आणि जिथे आरोप करता आला असता तिथे तो फारसा झालाच नाही. २०२० मध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्ये बायडेन यांनी अनुक्रमे १०,४५७, ११,७७९ आणि २०,६८२ मतांनी जिंकली. तिन्ही ठिकाणी लिबर्टेरियन पक्षाच्या जो जॉर्गेनसन यांची मते या फरकापेक्षा जास्त होती. ही तीन राज्ये उलटली असती तर दोन्ही बाजूंना २६९ अशी बरोबरी झाली असती. पेरो यांच्यामुळे १९९२ मध्ये बुश हरले, ही समजूतही अशीच ढिली आहे: मतदानोत्तर चाचणीत पेरो यांच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळजवळ सारखी विभागलेली होती.

मतविभाजनाचे निर्विवाद उदाहरण हवे असेल तर १९१२ कडे जावे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन उमेदवारी न मिळाल्याने प्रोग्रेसिव्ह पक्ष काढून उभे राहिले. त्यांना २७.४ टक्के, तर त्यांच्याच मूळ पक्षाचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांना २३.२ टक्के मते मिळाली आणि ४१.८ टक्क्यांवर डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांनी ५३१ पैकी ४३५ निर्वाचक मते जिंकली. एक पक्ष मधोमध फुटला की काय होते ते इथे दिसते. दोन टक्क्यांच्या उमेदवारांना तोच न्याय लावणे म्हणजे पराभूत पक्षाने आपल्या उमेदवाराचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे आहे.

‘लिंकन तिसऱ्या पक्षाचेच होते ना?’

हे वारंवार ऐकू येते, पण ते खरे नाही. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये स्थापन झाला तेव्हा व्हिग हा जुना मोठा पक्ष गुलामगिरीच्या प्रश्नावर कोसळत होता. १८५६ मध्येच रिपब्लिकन उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर आला होता. १८६० मध्ये अब्राहम लिंकन चौरंगी लढतीत सुमारे ४० टक्क्यांवर निवडून आले तेव्हा त्यांचा पक्ष दोन मोठ्यांपैकी एक झालेला होता. तिसऱ्याला जागा मिळाली ती दुसरा मेल्यामुळे.

मग ते मत वाया जाते का?

जिंकणे एवढाच मताचा उपयोग मानला तर होय. पण तसे मानले तर कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन मतही वायाच जाते. किंबहुना ज्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिथे तिसऱ्याला मत देणे स्वस्त असते, आणि हे अनेक मतदार पक्के जाणतात. २००० मध्ये काही संकेतस्थळांनी तर अदलाबदलीची सोय केली होती: अटीतटीच्या राज्यातील नेडर-समर्थकाने गोर यांना मत द्यावे आणि त्याच्या बदल्यात सुरक्षित राज्यातील गोर-समर्थकाने नेडर यांना. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी कारवाईचा इशारा दिला. २००७ मध्ये संघराज्यीय अपील न्यायालयाने अशा परस्पर वचनांना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे म्हटले.

जिंकण्यापलीकडचा परिणाम धोरणांत दिसतो. १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या असंतोषातून उभ्या राहिलेल्या पॉप्युलिस्ट पक्षाला ८.५ टक्के आणि २२ निर्वाचक मते मिळाली. उत्पन्नानुसार वाढत जाणारा आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या त्यांच्या मागण्या तेव्हा माथेफिरूपणाच्या ठरवल्या गेल्या. चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाने त्या चळवळीला बरेचसे सामावून घेतले, आणि १९१३ मध्ये आयकराचा अधिकार व सिनेटची थेट निवडणूक हे दोन्ही घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आले. पेरो यांनी स्वतःच्या पैशाने अर्ध्या तासाचे कार्यक्रम विकत घेऊन, तक्ते हातात धरून, अर्थसंकल्पीय तूट हा विषय घराघरात नेला. नंतर दोन्ही पक्षांना तो टाळता आला नाही. जॉर्ज वॉलेस यांचा दक्षिणेतील श्वेतवर्णीय मतदार पुढे रिपब्लिकन पक्षाने आपल्याकडे वळवला, हेही त्याच प्रकारचे सामावून घेणे. मागण्या उचलल्या जातात आणि त्या मांडणारा पक्ष रिकामा होतो. त्यामुळे असा पक्ष टिकत नाही हे त्याचे अपयश मानायचे की यश, हे त्याला पहिल्यांदा काय हवे होते त्यावर अवलंबून आहे.

कोणालाच २७० मिळाली नाहीत तर?

तिसऱ्याने दोन-चार राज्ये जिंकून दोन्ही मोठ्या उमेदवारांना २७० च्या अलीकडे रोखले, तर तो किंगमेकर होईल, असा एक समज आहे. जॉर्ज वॉलेस यांचा १९६८ मधील बेत तोच होता: निर्वाचक मतांच्या बदल्यात नागरी हक्कांच्या प्रश्नावर सौदा करायचा. रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांना ३०१ मिळाल्याने ती वेळ आली नाही.

पण सौदा जमला नाही तर बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निर्णय प्रतिनिधीगृहाकडे जातो. तिथे पहिल्या तीन उमेदवारांतून निवड होते आणि मतदान सदस्यागणिक नव्हे, तर राज्यागणिक होते. ५२ सदस्यांच्या कॅलिफोर्नियाचे एक मत आणि एका सदस्याच्या वायोमिंगचेही एक मत; जिंकायला २६ राज्ये लागतात. १८२५ मध्ये याच रीतीने जॉन क्विन्सी ॲडम्स निवडले गेले, जरी जनतेची आणि निर्वाचकांची जास्त मते अँड्र्यू जॅक्सन यांना होती. आजच्या सभागृहातील बहुतेक सगळे सदस्य दोन मोठ्या पक्षांचे असल्याने तिसऱ्या उमेदवाराला तिथे वाली नाही. त्याने रोखलेली निवडणूक त्याच्याच दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाच्या घरात निकाली निघते.

नियम बदलता येतील का

सर्वाधिक चर्चा आहे ती पसंतीक्रमाच्या मतदानाची. मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीकडे जातात. आपल्याकडे राष्ट्रपतींची आणि विधान परिषदेच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांची निवडणूक पसंतीक्रमानेच होते, त्यामुळे आपल्याला ही पद्धत अनोळखी नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी ती मेनने २०२० मध्ये आणि अलास्काने २०२४ मध्ये वापरली. तिथे तिसऱ्याला पहिली पसंती देऊनही दुसऱ्या पसंतीने नावडत्याला रोखता येते. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ही पद्धत आणण्याचे प्रस्ताव कोलोरॅडो, नेवाडा, ओरेगन आणि आयडाहो येथील मतदारांनी फेटाळले, मिसुरीने तिच्यावर बंदी घातली, आणि अलास्कात ती रद्द करण्याचा प्रस्ताव सुमारे सव्वातीन लाख मतांपैकी साडेसातशेहून कमी मतांनी हुकला.

शिवाय राज्यांनी ही पद्धत स्वीकारली तरी २७० ची अट तशीच राहते. तिसरा उमेदवार खरोखर बळकट होऊन काही राज्ये जिंकू लागला, तर निवडणूक प्रतिनिधीगृहात जाण्याची शक्यता उलट वाढते.

ती अट काढण्याच्या सर्वांत जवळ अमेरिका पोहोचली ती एका तिसऱ्या उमेदवाराच्या धास्तीने. जॉर्ज वॉलेस यांनी निर्वाचक मंडळ जवळजवळ अडवून धरल्यावर, १९६९ च्या सप्टेंबरात प्रतिनिधीगृहाने ते बरखास्त करण्याची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. देशभरच्या मतांत ४० टक्के मिळवणारा पहिला उमेदवार विजयी, आणि तितकी कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोघांत फेरनिवडणूक, अशी तरतूद तीत होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये, मुख्यतः दक्षिणेकडील आणि लहान राज्यांच्या सिनेटरांनी, चर्चा लांबवत ठेवून ती मताला येऊ दिली नाही.